दिवा तेवत होता

सरोजिनी परतूरकर पळते, हे सिडकोतल्या त्यांच्या सोसायटीला बरेच दिवस पचलंच नव्हतं. चोपन्न वर्षांची बाई, जिल्हा परिषदेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसलेली, चातुर्मासात कांदा-लसणाला शिवत नाही, आणि ही पहाटे बूट चढवून जालना रोडनं चिकलठाण्याकडं पळत सुटते म्हणजे काय! वरच्या मजल्यावरच्या सर्जेराव गाढ्यांनी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा ते चपला हातात घेऊन मागं धावले होते. "वैनी, काय झालं वो? कुणाचं काय कमी-जास्त झालं का?" सर्जेरावांची सगळी नोकरी एस्टीच्या स्टेअरिंगवर गेलेली, त्यांच्या लेखी पळणारा माणूस म्हणजे गाडी चुकलेला माणूस.

पळण्याचं खूळ मुळात तिचं नव्हे, नवऱ्याचं. मुकुंदराव पाटबंधारे खात्यात होते. पन्नाशीला रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चालत जा, आणि हा गृहस्थ पळायलाच लागला. आपल्याकडं पाच किलोमीटरलाही मॅरेथॉन म्हणतात, एकवीसलाही आणि बेचाळीसलाही. त्यामुळं मुकुंदरावांनी किती मॅरेथॉन मारल्या ते विचारू नये, कमी भरत नाहीत. हॉलमधल्या खिळ्याला मेडलांचा घोस लटकलेला असतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं किणकिणतो. निवृत्तीनंतर त्यांनी बायकोलाही ओढलं. "सरू, नुसती चौकापर्यंत चल." चौकापर्यंत म्हणता म्हणता विमानतळापर्यंत झालं, मग त्याच्याही पुढं केंब्रिज चौकापर्यंत. ती मागून कुरकुरत यायची, आणि ते पुढून, एकदाही मान न वळवता, तिच्या पावलांच्या आवाजावरून सांगायचे, "टाच आपटू नको."

या वर्षी दोघांनी शहरातल्या मॅरेथॉनला, एकवीस किलोमीटरला, नावं दिली. दसऱ्यानंतरचा रविवार. नावं देऊन आठवडा झाला असेल नसेल, आषाढातल्या एका सकाळी मुकुंदराव बुटाची नाडी बांधायला खाली वाकले ते वर आलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर 'पाणी' हा एक शब्द जमवायला त्यांना इतका वेळ लागे, की तोवर ती तांब्या घेऊन येऊन उभी असे. अमेय, मुलगा, जर्मनीहून आला, पंधरा दिवस राहिला, चार पायांची काठी आणि कमोडची खुर्ची आणून दिली आणि परत गेला. त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं.

एक नवल मात्र होतं. साधं बोलणं अडायचं, पण मुंजीत पाठ केलेली संध्या ते घडाघडा म्हणायचे. बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडमनी समजावून सांगितलं की पाठ असलेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं, तेव्हा रोजची वाक्यंही काकांनी घोकावीत, पुन्हा पुन्हा, मग तीही अशीच येतील. मुकुंदरावांनी मान फिरवली. आपल्याच बायकोला चहा मागायला पाठांतर करायचं, हे त्या माणसाच्या पचनी पडणारं नव्हतं. ते तुटक-तुटकच बोलत राहिले.

आणि ती पळत राहिली. "तू... पळ," ते म्हणाले होते, डोळ्यांत पाणी आणून. सगळ्यांनी तिचं केवढं कौतुक केलं! नवऱ्याचं स्वप्न पुरं करतेय बाई, असं सोसायटीत, नात्यात, पळणाऱ्यांच्या ग्रुपात सगळीकडं झालं. ग्रुप चालवणारी मेघा, दातांची डॉक्टर, तिनं तर तसा मेसेजही टाकला आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. खरं काय ते फक्त सरोजिनीला ठाऊक होतं. त्या घराला आता एक वास यायचा, मालिशच्या तेलाचा, फिनेलचा, औषधांचा आणि माणूस दिवसभर एका जागी पडून असल्याचा. पहाटे फाटकाबाहेर पडून वाण्याच्या दुकानापर्यंत पळालं की तो वास नाकातून जायचा. एवढ्यासाठी ती पळत होती. स्वप्नबिप्न काही नाही. परत येताना शेवटच्या वळणावर तिची पावलं आपोआप जड व्हायची, आणि ती टाचा आपटायची, मुद्दाम.

नवरात्र बसलं तसा पेच पडला. परतूरकरांच्या घरी घट असतो, आणि घटापाशी नऊ दिवस अखंड दिवा. तो विझू द्यायचा नाही, आणि दिवा लावून घराला कुलूप घालायचं नाही. मुकुंदरावांची आई गेली, पण हे मागं ठेवून गेली. इतकी वर्षं ते जड नव्हतं. एक पळायला गेलं की दुसरं घरी. आता रोजच्या पहाटे तेल घालून तासाभरात परत येता येत होतं, सातला सारजाबाई कामाला यायची. रविवारी मात्र सारजाबाईची सुट्टी, आणि सरोजिनीचं शेवटचं मोठं पळणं त्याच रविवारी, सातव्या माळेला होतं.

"राहू दे या वेळी," ती म्हणाली.

"मी," मुकुंदराव म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "दिवा... मी."

"तुम्हाला खाली वाकायला लागेल."

त्यांनी डावा हात वर केला, बोटं हलवून दाखवली. मग एकदम तो खाली घेतला आणि मांडीखाली दडवला. देवाचं काम आणि डाव्या हातानं! आई असती तर नुसत्या कल्पनेनं उठून बसली असती. त्यांच्या तोंडावरचा तो ओशाळेपणा सरोजिनीनं बघितला.

"देवीला हातांशी काय करायचंय," ती म्हणाली. "तिनंच एक नेलाय ना तुमचा? मग चालवून घेईल दुसरा."

त्या आजारात मुकुंदराव पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडानं.

तिनं घटापाशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, तेलाची बुधली डाव्या हाताशी ठेवली, काठी टेकून स्टुलापर्यंत त्यांना चार वेळा चालवून बघितलं. रविवारी पहाटे निघाली तेव्हा ते उठून पलंगाच्या कडेवर बसलेले होते, दाढी केलेले, पूजेचं धोतर-उपरणं तिच्याकडून नेसवून घेतलेले. ड्यूटीवर निघालेला माणूस बसतो तसे.

केंब्रिज चौकातून वळायचं, असं ठरलेलं होतं. पाय छान चालले होते, हवा गार होती, आणि चौक आला तेव्हा ती वळली नाही. का नाही वळली, तर नाही वळली. करमाडची पाटी दिसली आणि ती सरळ निघाली. कारखान्यांची पाळी सुटलेल्या मोटारसायकली समोरून येत होत्या, बाजूला ढाब्यावर कुणी भट्टी पेटवत होतं, आणि तिच्या डोक्यात मुकुंदराव नव्हते, दिवा नव्हता, काहीसुद्धा नव्हतं. पुढं एका थांब्यावर जालन्याची एस्टी उभी राहिली. माणसं चढली, शेवटी कंडक्टरनं हिच्याकडं बघितलं.

"मावशी, जालना? चला लवकर. बायांना अर्धं तिकीट."

तिनं दांडा धरला. एक पाय पायरीवर ठेवला. कमरेच्या पाकिटात पन्नासची नोट होती. मुकुंदरावांनीच लावलेली शिस्त, काही झालं तर रिक्षाला असावी म्हणून. जालन्यात तिचं कुणीही नव्हतं. आत्या नाही, मावशी नाही, मैत्रीण नाही. तेच तिला इतकं बरं वाटलं, की दुसरा पायसुद्धा तिनं उचलला.

"बसायलात का नाय?" कंडक्टर वैतागला.

ती उतरली. एस्टी गेली. त्यानंतर ती जे पळाली त्याला कुणी मॅरेथॉनचा सराव म्हणणार नाही. घरी दिवा सोडून आलेली बाई रस्त्यानं जशी पळेल तशी ती पळाली, आणि तरी घरी पोचायला भलताच उशीर झाला.

दार उघडलं आणि आधी वास आला. विझलेल्या वातीचा. तो वास आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. ती तशीच बूट घालून देवापाशी गेली, आणि बघते तर दिवा लागलेला होता. घटाच्या माळा जागच्या जागी. आणि मुकुंदराव खाली जमिनीवर, फ्रिजला पाठ लावून, पाय लांब करून बसलेले.

"सरू, दिवा तेवत होता," ते म्हणाले.

तिला आधी दुसरं काही सुचलंच नाही. अख्खं वाक्य! एका दमात, न अडखळता, पूर्वीसारखं! ती आनंदानं ओरडणार होती. मॅडमना फोन करायचा, अमेयला सांगायचं, असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मग तिला घटाच्या पाटाखालून डोकावणाऱ्या काड्या दिसल्या. जळलेल्या, मोडलेल्या, पेटता पेटता विझलेल्या, बऱ्याच. फरशीवर तेल फासटलेलं होतं आणि त्यांच्या खांद्यावरचा पंचा तेलानं निथळत होता. डाव्या हाताची बोटं काळी पडली होती, अंगठ्यावर फोड आला होता. तेल जास्त पडलं असणार, वात बुडाली असणार, आणि सावरायला वाकलेला माणूस स्टुलावरून खाली आला असणार. मग गुडघ्यात काडेपेटी धरून त्यांनी एकेक काडी ओढली असेल. उठता आलंच नव्हतं. धोतर भिजलेलं होतं, आणि ते तेलानं नव्हे. त्याच्यावर त्यांनी जमेल तसा उपरण्याचा पदर ओढून घेतला होता. तसंच ओलं बसून, ती येईपर्यंत, त्यांनी ते एक वाक्य घोकलं होतं. घोकायला नकार देणाऱ्या माणसानं.

एवढा वेळ ती कुठं होती, हे तिला माहीत होतं.

"हो तर," सरोजिनी म्हणाली. "छान तेवतोय की. पण खाली कशाला बसलात?"

"ज... जप," मुकुंदराव म्हणाले, आणि नजर दिव्याकडं वळवली.

"बरं केलंत."

तिनं त्यांना उठवलं, धुतलं, कोरडं नेसवलं. ते पलंगावर गेल्यावर काड्या गोळा करून कचऱ्यात खाली घातल्या, वर भाजीची देठं टाकली. फरशी दोनदा पुसली. मग न्हाणीघरात नळ सोडून बसली आणि तोंडात टॉवेलाचा बोळा घालून रडली. त्यांची दया आली म्हणून रडली, असं म्हणायला बरं वाटेल. पण तिला एस्टीची पायरी आठवत होती, आणि आपण दुसरा पाय वर ठेवला असता तर आत्ता जालन्यात चहा पीत असतो, हा विचार अजूनही गोड लागत होता. त्याचं तिला रडू येत होतं.

शेवटच्या आठवड्यात पळणाऱ्यांनी पळायचं नसतं. मेघाचे मेसेज सुरू झाले: ताई, आता पाय जपा, भरपूर झोपा, बटाटा-रताळं-साबुदाणा खा. नवरात्रात घरोघरी नाहीतरी तेच चाललेलं असतं, फक्त त्याबद्दल कुणी मेडल देत नाही. सरोजिनी खात होती आणि झोप मात्र नावाला नव्हती. दोन प्रहरी मुकुंदराव झोपले की ती दिव्यापाशी जाऊन बसायची. देवीला विझलेलं कळलं असेल, त्याचं तिला भय नव्हतं. भय होतं ते येत्या रविवारचं. या माणसाला एकटं सोडून आता जाता येणार नव्हतं. आणि तिला तर जायचं होतं. इतकं जायचं होतं, की पोळी लाटता लाटता तिच्या पोटरीचे स्नायू आपसूक उडायचे.

तिनं सारजाबाईला विचारलं. सारजाबाई एका पायावर तयार. "म्या येते ना ताई शनवारीच मुक्कामाला. मला काय, तिथं झोपायचं तं इथं झोपायचं. तुमी लई पळा. पार दमूस्तोर पळा."

संध्याकाळी मुकुंदरावांच्या कानावर घातलं. त्यांच्या हातातला घास ताटात पडला.

"बाई... नको."

"अहो, नुसती बाहेर झोपेल ती."

"नको. मी... मी..." शब्द येईना म्हणून त्यांनी डाव्या हातानं देवाकडं बोट केलं. फोड आता बसत आला होता. "दिवा... सांभाळला... ना?"

तिनंच छान तेवतोय म्हणून पावती दिलेली. आता बाई ठेवायची म्हणजे त्यांना तोंडावर सांगायचं, की तुम्ही पडलात ते मला कळलंय, तुम्ही त्यात बसून होतात तेही कळलंय, तुमच्यावर एक समईसुद्धा सोपवता येत नाही. उरलेल्या आयुष्यात या माणसाकडं तेवढी एक गोष्ट होती.

"सांभाळलात हो," ती म्हणाली. "नको तर नको बाई."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी वाट काढली. लंगडत आली, गुडघा धरून बसली आणि म्हणाली, यंदा काही जमत नाही बाई, आत काहीतरी कळ मारतेय. मुकुंदरावांनी जवळ बोलावलं. डावा हात गुडघ्यावर ठेवला, वाटीच्या कडेकडेनं अंगठा फिरवला, मागच्या शिरा दाबल्या, पाय सरळ करवला, वाकवला. या बाबतीत तो माणूस पक्का होता, अर्ध्या ग्रुपाचे गुडघे त्यांनी बघितलेले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"खोटं," ते म्हणाले. हा शब्द कसा कोण जाणे, बरोबर आला. आणि मग डोळे भरून, "माझ्या... मुळं... नको."

तिनं कान धरले. पळते म्हणाली.

दसरा झाला. घट उठले, दिवा आपल्या आपण शांत होऊ दिला. शनिवारी ती नंबर आणि टीशर्ट आणायला गेली. नावं दोघांची होती, म्हणून टेबलावरच्या पोरीनं दोन पिशव्या दिल्या. "काका येतायत ना उद्या?" पोरगी म्हणाली. "येतायत," सरोजिनी म्हणाली.

रविवारी पहाटे मुकुंदरावांनी टीशर्टाकडं बोट दाखवलं. तिनं घातला त्यांना; आधी लुळा हात, मग चांगला. नारिंगी रंगाचा, छातीवर शहराचं नाव. स्वतःचाही घातला. त्यांना परत पलंगावर टेकवलं, पाण्याची बाटली डाव्या बाजूला ठेवली, मोबाईल उशाशी ठेवला.

"टाच..." ते म्हणाले.

"नाही आपटत."

ती बाहेर पडली, दार ओढून घेतलं, आणि वर जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली.

हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. घरात राहता येत नव्हतं, सोडून जाता येत नव्हतं; मग उरला तो जिना. समोरच्या फ्लॅटला कुलूपच असतं. आतून काही पडल्याचा आवाज आला तर चावी हातात होती. नऊ-साडेनऊपर्यंत बसायचं, मग खालच्या नळावर तोंड-डोकं भिजवायचं आणि दमल्यासारखं आत जायचं. आवाज काढायचा नाही.

सर्जेराव गाढ्यांना हे कोण सांगणार? ते मफलर गुंडाळून फिरायला निघाले आणि वळणावरूनच त्यांचा एस्टीचा आवाज जिनाभर घुमला. "अरे! वैनी? आज तुमची ती शर्यत होती ना? इथं कामून बसल्या? जायचं नाय व्हय?"

तिनं ओठावर बोट ठेवलं, हात जोडले. सर्जेराव तिच्याकडं बघत राहिले, मग दाराकडं बघितलं, आणि काही न बोलता, चप्पल न वाजवता खाली उतरून गेले. ती कान देऊन बसली. आत सगळं गप्प होतं. झोपलेत, म्हणून तिला हायसं वाटलं.

उजाडलं. दूर जालना रोडवर लाऊडस्पीकर लागल्याचं ऐकू येऊ लागलं, कुणीतरी आकडे मोजत होतं, मग एकदम मोठा आरडाओरडा झाला. सुटले सगळे. तिनं पायांकडं बघितलं. बूट बांधलेले, नाड्यांना दुहेरी गाठ, आणि गुडघे आपले आपण हलत होते. तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरले. एवढ्या दिवसांचा राग एकदम उसळून आला. त्या दारावर, आतल्या माणसावर, त्याच्या त्या आईवर, फोटोत छान दिसणाऱ्या मुलावर, हात जोडल्याची चित्रं पाठवणाऱ्या सगळ्यांवर. पुढच्या वर्षी हेच असणार होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तो वास, ती काठी, आधी लुळा हात मग चांगला. हे संपलं तर एकाच प्रकारानं संपणार होतं, आणि त्याची वाट बघणारी बाई व्हायचं तिच्या जिवावर येत होतं. पायरीचा गारठा कंबरेपर्यंत चढला तरी ती हलली नाही.

ऊन जिन्याच्या जाळीतून आत आल्यावर मोबाईल थरथरला. मेघा होती, धापा टाकत. "ताई, कुठं आहात? मी आत्ता आले पळून. तुम्ही कुठंच दिसल्या नाहीत. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे," सरोजिनी म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. आवाज दाबत, तोंडापुढं हात धरून, पण सगळं बोलली. "मी आलेच नाही मेघा. जिन्यात बसलेय. कुणाला सांगू नको. त्यांना सोडून नाही जाता येत गं. आणि खरं सांगू? मी आज निघाले असते ना, तर परत आले नसते. मागच्या रविवारी एस्टीत चढलेच होते मी. एक पाय वर होता माझा. मला यायचंच नाहीये परत. मला त्या घरात जायचंच नाहीये."

पलीकडं मेघा काहीतरी म्हणत होती. सरोजिनीनं फोन बंद केला. बराच वेळ कठड्याला डोकं टेकून बसली. मग खाली जाऊन नळाखाली डोकं धरलं, टीशर्ट भिजवला, दोन-चार उड्या मारून दम लागल्यासारखा केला, आणि वर येऊन कुलपात चावी फिरवली.

दार अर्ध्यात अडलं. तिनं हळूच लोटलं तर आत चार पायांची काठी आडवी आली होती. आणि दाराला लागून, बूट घालायला ठेवलेल्या खुर्चीवर, मुकुंदराव बसलेले होते. अंगात नारिंगी टीशर्ट. पलंगापासून तिथवर यायला त्यांना किती वेळ लागला असेल आणि केव्हापासून ते तिथं होते, हे विचारायची गरज नव्हती. सर्जेरावांची हाक घरभर गेली असणार. दार आणि तिची पायरी यांच्यात हातभराचं अंतर होतं, आणि ते दार काही जाड नव्हतं.

तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

मुकुंदरावांनी डावा हात पुढं करून तिचं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

"सरू, तू जा. आणि परत येऊ नकोस," ते म्हणाले.

एकही शब्द अडला नाही. इतकं धड वाक्य त्यांच्या तोंडून तिनं या आजारात एकदाच ऐकलं होतं, सातव्या माळेला, दिव्यापाशी. ते घोकलेलं होतं, आणि खरं नव्हतं. हेही खरं नाही, हे तिला कळलं. आणि आता आपल्याला कधीच जाता येणार नाही, हेही कळलं. मनगट त्यांच्या हातात तसंच ठेवून ती खाली बसली आणि एका हातानं बुटाच्या नाड्या सोडायला लागली.